घरगुती बिअरचा डबा आणि किण्वनाचे शास्त्र

इंग्लंडातील एखाद्या साध्या घराच्या स्वयंपाकघरात, कोपऱ्यातील टेबलाखाली, झाकण लावलेली एक मोठी प्लॅस्टिकची बादली पुष्कळदा दृष्टीस पडते. झाकणात बसविलेल्या वाकड्या नळीत थोडेसे पाणी असते आणि त्या पाण्यातून काही क्षणांच्या अंतराने एकेक बुडबुडा बाहेर पडत असतो. बादलीत सुमारे २३ लिटर, म्हणजे ४० ब्रिटिश पिंट, बिअर तयार होत असते. ती करणारा मनुष्य हा व्यवसायाने मद्य तयार करणारा नसतो. तो एखादा कारकून, शिक्षक किंवा गिरणीतील कामगार असतो. त्याने दुकानातून एक डबा विकत आणलेला असतो आणि डब्यावरील सूचना वाचून तो आपला पहिला प्रयत्न करीत असतो.

हा पहिला प्रयत्न बहुधा फसतो. दुसराही पुष्कळदा फसतो. परंतु या फसण्यात शिकण्यासारखे फार आहे. गेल्या दोनशे वर्षांत रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र यांना जे प्रश्न सोडवावे लागले, तेच प्रश्न या नवशिक्यापुढे लहान प्रमाणात क्रमाने उभे राहतात. उष्णतामान, स्वच्छता आणि मापन हे ते तीन प्रश्न होत. या लेखात त्यांचाच विचार केला आहे.

कायद्यात झालेला बदल

इंग्लंडात घरी बिअर करण्याची चाल फार जुनी आहे. १८८० साली माल्टवरील कर रद्द होऊन कर बिअरवर बसविण्यात आला आणि घरी बिअर करणाऱ्यास परवाना घेणे आवश्यक झाले. हे बंधन पुढे सुमारे ऐंशी वर्षे टिकले. १९६३ साली त्या वेळचे अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ते काढून टाकले. तेव्हापासून स्वतःच्या घरी पिण्यासाठी, विक्रीसाठी नव्हे, बिअर करण्यास तेथे परवाना लागत नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी होती. ती उठल्यानंतरही घरगुती बिअरला संघराज्याच्या कायद्यात मोकळीक नव्हती. ती १९७८ साली संमत झालेल्या कायद्याने मिळाली व १९७९ च्या फेब्रुवारीपासून अमलात आली. या दोन बदलांनंतर दोन्ही देशांत तयार डब्यांचा धंदा वाढीस लागला.

मात्र मद्याचे आसवन, म्हणजे ते तापवून त्याची वाफ थंड करून तीव्र दारू काढणे, ही गोष्ट ब्रिटनमध्येही परवान्याशिवाय करता येत नाही. किण्वन आणि आसवन या दोन क्रिया अगदी भिन्न आहेत, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

डब्यात काय असते?

बिअरचे मूळ द्रव्य सातू, म्हणजे बार्ली हे धान्य होय. धान्याच्या दाण्यात स्टार्च असतो, आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही. त्याला साखर लागते. म्हणून प्रथम सातू भिजवून त्याला मोड आणतात व नंतर तो वाळवितात. मोड आलेल्या या धान्यास माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात काही विकरे, म्हणजे एन्झाइमे, निर्माण होतात. माल्ट भरडून सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअस उष्ण पाण्यात भिजत ठेवले की ही विकरे स्टार्चचे लहान लहान तुकडे करतात आणि पाणी गोड होते. १८३३ साली पायाँ आणि पेर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी माल्टमधून असे द्रव्य वेगळे काढले व त्यास डायास्टेज हे नाव दिले. वेगळे काढून ओळखलेले हे पहिले विकर होय.

हे गोड पाणी हॉप नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळतात. हॉपमुळे बिअरला कडवट चव येते, आणि त्यातील कडू द्रव्ये कित्येक प्रकारच्या जंतूंची वाढ रोखतात. उकळलेला रस आटवून काकवीसारखा दाट केला की डबा भरण्यास तयार झाला. म्हणजे डबा विकत घेणाऱ्याचे निम्मे काम कारखान्याने आधीच केलेले असते. डब्यात साधारणपणे दीड ते पावणेदोन किलो दाट रस असतो आणि झाकणाखाली वाळविलेल्या यीस्टची एक लहान पुडी असते. नवशिक्याने हा रस उकळत्या पाण्यात विरघळवावयाचा, त्यात सुमारे एक किलो साखर घालावयाची, थंड पाणी ओतून एकंदर २३ लिटर करावयाचे आणि मग यीस्ट टाकावयाचे.

पुढचे काम यीस्टचे. यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. साखर खाऊन ती दोन द्रव्ये बाहेर टाकते : मद्यार्क आणि कार्बन डायॉक्साइड वायू. हिशेबाने पाहिले तर १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम मद्यार्क व ८८ ग्रॅम वायू मिळतो. म्हणजे साखरेचे जवळजवळ निम्मे वजन वायुरूपाने निघून जाते. नळीतून बाहेर पडणारे बुडबुडे ते हेच. या क्रियेस किण्वन म्हणतात.

पहिला प्रयत्न : उष्णतामान

पहिल्या प्रयत्नात नवशिक्यापाशी बहुधा उष्णतामापक नसतो. उकळत्या पाण्यात रस विरघळविला, थंड पाणी ओतले, बादलीला बाहेरून हात लावून पाहिला आणि ‘कोमट झाले’ असे म्हणून यीस्ट टाकले, असा हा प्रकार असतो. परंतु हाताला कोमट लागणारे पाणी ४० अंशांचे असू शकते आणि बादलीच्या मध्यभागी ते त्याहूनही उष्ण असते. ४० अंशांच्या पुढे बिअरच्या यीस्टला इजा होऊ लागते व ५० अंशांच्या पुढे बहुतेक पेशी मरतात. दुसऱ्या दिवशी नळीत बुडबुडा नसतो. तिसऱ्या दिवशीही नसतो. चौथ्या दिवशी झाकण उघडावे तो आंबूस वास येतो.

असे का व्हावे? गोड रस हे यीस्टचे जसे अन्न आहे, तसेच ते इतर असंख्य सूक्ष्मजंतूंचेही अन्न आहे. हवेतून, हातांवरून, भांड्यावरून हे जंतू रसात येतच असतात. यीस्ट जोमदार असेल तर काही तासांतच ते रसाचा ताबा घेते. त्याने निर्माण केलेला मद्यार्क व आम्लता इतरांना मारक ठरते. यीस्ट मेलेले किंवा दुबळे असेल तर मैदान मोकळे राहते आणि दुसरे कोणीतरी पुढे सरसावते. किण्वन ही अशा प्रकारे एक शर्यत आहे. मनुष्याला जंतू निर्माण करता येत नाहीत. त्याला हवा असलेला जंतू आधी धावेल अशी परिस्थिती मात्र निर्माण करता येते.

उलट चूकही घडते. हिवाळ्यात रात्री शेगडी विझली की खोलीचे उष्णतामान १० अंशांपर्यंत उतरते. एल जातीच्या बिअरचे यीस्ट अशा थंडीत जवळजवळ झोपी जाते. नवशिक्याला वाटते, बिअर तयार झाली. पुढे मोठा अनर्थ घडविणारी चूक हीच, व तिचा विचार खाली केला आहे. उष्णता फार वाढली तर यीस्ट मरत नाही, पण घाईने काम करते आणि रसात तीव्र वासाची द्रव्ये सोडते. या यीस्टला १८ ते २२ अंश उष्णतामान मानवते. किण्वनात उष्णताही उत्पन्न होते. म्हणून बादलीतील रस खोलीपेक्षा काही अंशांनी अधिक उष्ण असतो, हेही ध्यानात घ्यावे लागते.

दुसरा प्रयत्न : स्वच्छता

पहिल्या फजितीने सावध झालेला नवशिका दुसऱ्या वेळी उष्णतामापक आणतो. यीस्ट जोमाने काम करते, रसावर जाड फेस चढतो. परंतु दोन आठवड्यांनी चव घेतली तर बिअर आंबट लागते, किंवा तिला दवाखान्यासारखा वास येतो. ही दोन लक्षणे दोन निरनिराळ्या चुका दाखवितात.

आंबटपणा बहुधा जंतूंचा असतो. दुधाचे दही करणाऱ्या जंतूंचे काही भाऊबंद रसातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. हवा लागली तर दुसरे काही जंतू मद्यार्काचेच शिरक्यात रूपांतर करतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८५७ साली लॅक्टिक किण्वनावरील आपला निबंध प्रसिद्ध केला आणि पुढे १८७६ साली बिअरवरील ग्रंथ लिहिला. बिअरचे निरनिराळे ‘रोग’ निरनिराळ्या सूक्ष्मजंतूंमुळे होतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवून दिले. १८७१ साली लंडनमधील बिअरच्या एका कारखान्यात जाऊन त्यांनी तेथील यीस्टची अशी तपासणी केली होती.

पाश्चर यांच्या पुढचे पाऊल डेन्मार्कमध्ये पडले. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हॅन्सन यांच्या असे लक्षात आले की, केवळ बॅक्टेरियाच नव्हे, तर यीस्टच्याच काही रानटी जाती बिअर बिघडवितात. त्यांनी एकच पेशी वेगळी करून तिच्यापासून शुद्ध यीस्ट वाढविण्याची पद्धत शोधली, आणि १८८३ साली त्या कारखान्यात शुद्ध यीस्टने बिअर तयार होऊ लागली. नवशिक्याच्या हातातील लहानशी पुडी ही या शोधाची वारसदार आहे.

आता दवाखान्याच्या वासाकडे वळू या. बादली निर्जंतुक करण्यासाठी नवशिक्याने कपडे शुभ्र करण्याचे क्लोरीनयुक्त द्रावण वापरले, ते योग्यच. परंतु नंतर बादली पुरेशी धुतली नाही. उरलेल्या क्लोरीनचा बिअरमधील फिनॉल वर्गाच्या द्रव्यांशी संयोग होऊन क्लोरोफिनॉले तयार होतात. ती अत्यल्प प्रमाणात असली तरी जिभेला जाणवतात. जंतुनाशक जितके आवश्यक, तितकेच ते धुऊन काढणेही आवश्यक. येथे आणखी एक इशारा दिला पाहिजे. असे क्लोरीनयुक्त द्रावण कोणत्याही आम्लात कधीही मिसळू नये; त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

शिवाय, घासणे आणि निर्जंतुक करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भांड्याला चिकटलेल्या मळाखाली जंतुनाशक पोहोचत नाही. म्हणून आधी भांडे घासून स्वच्छ करावयाचे आणि मग निर्जंतुक करावयाचे, हा क्रम बदलता येत नाही.

तिसरा प्रयत्न : मापन

तिसऱ्या वेळी उष्णतामान बरोबर असते, बादली स्वच्छ असते, बिअरही चांगली दिसते. सातव्या दिवशी बुडबुडे थांबतात. नवशिका आनंदाने बाटल्या भरतो, फेस यावा म्हणून प्रत्येक बाटलीत थोडी साखर घालतो, टोपणे घट्ट बसवितो आणि बाटल्या जिन्याखालच्या कपाटात ठेवतो. तीन आठवड्यांनी हवा उबदार होते. एका रात्री कपाटातून स्फोटासारखा आवाज येतो, पाठोपाठ दुसरा. सकाळी दार उघडले तर काचेचे तुकडे लाकडात रुतलेले असतात. त्या वेळी कपाटापाशी कोणी मूल उभे असते तर काय झाले असते, हे सांगावयास नको.

या अपघाताचे कारण साधे आहे. बुडबुडे थांबले म्हणजे किण्वन संपले असे नव्हे. रात्रीच्या थंडीने ते नुसते मंदावले होते. ते खरोखर संपले की नाही हे सांगणारे साधन म्हणजे हायड्रोमीटर, अर्थात द्रवात तरंगणारा गुरुत्वमापक. ही तळाशी जड केलेली काचेची नळी असते. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार द्रव जितका दाट, तितकी ती वर तरंगते. रसात साखर असते तेव्हा त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०४० असते. साखर संपून तिच्या जागी पाण्यापेक्षा हलका मद्यार्क आला की ते १.०१० किंवा त्याहून थोडे खाली येते. इंग्लंडात जॉन रिचर्डसन यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बिअरच्या धंद्यात या उपकरणाचा प्रसार केला.

या दोन आकड्यांतून मद्यार्काचे प्रमाणही काढता येते. १.०४० मधून १.०१० वजा करता ०.०३० उरतात, त्यांस सुमारे १३१ ने गुणले की ३.९ येतात. म्हणजे बिअरमध्ये आकारमानाने जवळजवळ चार टक्के मद्यार्क आहे.

आता बाटलीचा हिशेब पाहू. बादलीतील बिअरमध्ये, २० अंशांवर, तिच्या स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे ०.८५ पट वायू विरघळलेला असतोच. दर लिटरला ६ ग्रॅम साखर घातली तर त्यात आणखी दीडपट वायूची भर पडते. एकंदर सुमारे अडीचपट वायू होतो. एवढा बिअरला पुरे. परंतु विशिष्ट गुरुत्वात दर ०.००१ इतकी घट होते तेव्हा सुमारे अर्धा पट वायू निर्माण होतो. नवशिक्याने बाटल्या भरल्या तेव्हा गुरुत्व १.०१० नव्हे, १.०१८ होते. उरलेल्या ०.००८ मधून चौपट वायू वाढला, आणि एकंदर सहापटींहून अधिक वायू त्या बाटलीत कोंडला गेला. आतील दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सातपट झाला. बिअरच्या साध्या बाटलीची काच इतक्या दाबासाठी केलेली नसते.

म्हणून नियम असा : दोन दिवसांच्या अंतराने गुरुत्व मोजावे; दोन्ही आकडे सारखे आले आणि ते अपेक्षेइतके खाली असले, तरच बाटल्या भराव्या. आकडे सारखे पण वरच अडकलेले असतील, तर बादली उबदार जागी ठेवून वाट पाहावी. मोजण्यापूर्वी नमुना हलवून त्यातील वायू काढून टाकावा, कारण नळीला चिकटलेले बुडबुडे तिला वर उचलतात आणि आकडा खोटा येतो. बाटल्यांत दाब वाढल्याची शंका आली तर त्या उघड्या हातांनी उचलू नयेत.

एक मोजमाप न केल्याने पहिल्या दोन प्रयत्नांत केवळ डबा वाया गेला. तिसऱ्यात एखाद्याचा डोळा गेला असता. मापनाचे खरे मोल येथे कळून येते.

वहीचे महत्त्व

चौथ्या प्रयत्नाच्या वेळी नवशिका एक वही घेऊन बसतो. तारीख, उष्णतामान, गुरुत्व, साखरेचे वजन, यीस्ट टाकल्याची वेळ असे सर्व तो लिहून ठेवतो. एका वेळी एकच गोष्ट बदलतो. अर्धी साखर कमी करून त्याऐवजी माल्टचा रस वाढविला तर बिअरचा पातळपणा जातो, हे त्याला या वहीवरून उमगते. पारदर्शक बाटली उन्हात राहिली तर तिला दुर्गंध येतो आणि तपकिरी बाटलीला तो सहसा येत नाही, हेही त्याच्या लक्षात येते. हॉपमधील कडू द्रव्यांवर प्रकाशाची क्रिया होऊन गंधकयुक्त द्रव्य बनते, हे त्याचे कारण होय.

बिअरच्या धंद्यात अशा वह्यांतून मोठे शास्त्र जन्मास आले आहे. उष्णता आणि कार्य यांचा संबंध मोजणारे जेम्स प्रेस्कॉट जूल हे सॅलफर्ड येथील बिअर-कारखानदाराचे पुत्र होते. विल्यम गॉसेट हे डब्लिन येथील गिनेस कारखान्यात नोकरीस होते. थोड्याच निरीक्षणांवरून कितपत खात्रीने निष्कर्ष काढता येतो, या प्रश्नावर त्यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने निबंध लिहिला. आजही संख्याशास्त्रात त्यांची कसोटी शिकविली जाते. आम्लता मोजण्याचे पीएच परिमाण सोरेन्सन यांनी १९०९ साली कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतच सुचविले. आणि किण्वनाला जिवंत पेशीच लागते की काय, हा जुना वाद १८९७ साली जर्मनीत एडुआर्ट बुखनर यांनी मिटविला. यीस्ट वाळूबरोबर खलून त्यांनी त्याचा पेशीविरहित रस काढला. त्या रसानेही साखरेचे किण्वन झाले. पेशीतील विकरेच हे काम करतात, असे त्यावरून ठरले. १९०७ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतातील वाचकासाठी

भारतात मद्य हा राज्यांच्या अधिकारातील विषय आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. गुजरात व बिहार या राज्यांत दारूबंदी आहे. म्हणून वरील वर्णन करून पाहण्यासाठी नसून समजून घेण्यासाठी आहे. परंतु किण्वनाचे तीनही नियम शाळेत निर्धोकपणे पाहता येतात.

तीन सारख्या बाटल्या घ्याव्या. प्रत्येकीत एक पेला पाणी, दोन चमचे साखर व पावाचे वाळविलेले यीस्ट एक चमचा घालावे. पहिल्या बाटलीतील पाणी बर्फाने थंड केलेले, दुसरीतील ३० ते ३५ अंशांचे आणि तिसरीतील ७० अंशांचे असावे. उष्ण पाणी शिक्षकांनी ओतावे. प्रत्येक बाटलीच्या तोंडावर रबरी फुगा चढवावा. बूच किंवा टोपण कधीही लावू नये. तासाभराने दुसऱ्या बाटलीवरील फुगा उभा राहिलेला दिसेल, पहिलीवरील जवळजवळ तसाच लोंबत असेल. तिसरीवरील फुगा गरम वाफेने व पसरलेल्या हवेने प्रथम थोडा उभा राहिला तरी पाणी निवताच खाली पडेल. मग पहिली व तिसरी बाटली कोमट पाण्यात ठेवावी. पहिलीतील यीस्ट जागे होईल. तिसरीतील होणार नाही. थंडीने झोपलेले आणि उष्णतेने मेलेले यीस्ट यांतील भेद विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दिसेल. प्रयोग संपताच द्रव मोरीत ओतून टाकावा.

घरी इडलीचे पीठ हिवाळ्यात फुगत नाही आणि उन्हाळ्यात सकाळपर्यंत आंबून जाते, त्याचेही कारण हेच. ज्या गृहिणी पिठाचे भांडे थंडीत चुलीजवळ ठेवतात, त्या याच शर्यतीत आपल्याला हव्या असलेल्या सूक्ष्मजंतूंना साहाय्य करीत असतात. इंग्लंडातील नवशिक्याला जे चार डब्यांनंतर कळले, ते त्यांच्या हातांना पूर्वीपासूनच ठाऊक आहे. त्यामागील कारण मात्र सूक्ष्मदर्शक, गुरुत्वमापक आणि वही यांनी सांगितले.